रुंद चाकं, रुंद टायर: स्पोर्ट्स कारला बसवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळ चाकं काढून रुंद अलॉय रिम आणि रुंद टायर बसवायचे, हे बोलायला एका वाक्याचं काम. करायला गेलं की प्रश्नांची रांग लागते. यातले बरेच प्रश्न मला स्वतःला पडले होते आणि काहींची उत्तरं टायर घासून घेतल्यावरच कळली. बाकीचे प्रश्न गाडी घेऊन मदतीला येणाऱ्यांनी विचारलेले आहेत. सगळ्या उत्तरांत माझा एक आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल: दुसऱ्याच्या गाडीला काय बसलं हे विचारत बसू नका, स्वतःच्या गाडीत किती मिलिमीटर जागा आहे ते मोजा.

रुंद टायर लावला की पकड खरंच वाढते का?

वाढते, पण सर्वसाधारण समज असतो त्या कारणाने नाही. टायर रुंद म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकलं, असं बहुतेकांना वाटतं. टायरचा रस्त्यावर जो ठसा उमटतो त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्या चाकावर किती वजन आहे आणि टायरमध्ये हवा किती आहे. वजन तेच आणि हवा तीच ठेवली तर क्षेत्रफळही जवळपास तेवढंच राहतं. आकार मात्र बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा.

मग फायदा येतो कुठून? एक तर रुंद टायरला जास्त वजन पेलता येतं, म्हणून थोडी कमी हवा ठेवायची मुभा मिळते आणि तेव्हा ठसा खरोखर मोठा होतो. रबराचा स्वभाव असा आहे की त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. तोच भार जास्त रबरावर वाटला गेला की प्रत्येक तुकडा आपलं काम जास्त चांगलं करतो. दुसरं म्हणजे उष्णता. ठसा आखूड असल्यामुळे ट्रेडचा (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाचा) प्रत्येक तुकडा एका फेरीत कमी वेळ रस्त्याला टेकतो, आणि एकूण रबरही जास्त असतं. त्यामुळे सलग जोरात चालवलं तरी टायर लवकर तापून निसटायला लागत नाही. तिसरं, रुंद टायरचा पट्टा आणि बुटकी भिंत, म्हणजे टायरची बाजू, आडव्या दिशेला जास्त ताठ असतात. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच तोंड वळवते ते त्यामुळे.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फरक रबराच्या मिश्रणाचा पडतो. साध्या प्रवासी मिश्रणाचा २५५ मिलिमीटर रुंद टायर आणि चांगल्या स्पोर्ट मिश्रणाचा २२५ चा समोर ठेवले, तर मी डोळे मिटून २२५ उचलेन.

म्हणजे आधी नुसते टायर बदलून बघू?

हो, मी प्रत्येकाला हेच सांगतो. २०१२ साली आलेली टोयोटा ८६ आठवा. पुष्कळ बाजारांत ती २१५/४५ आर १७ मापाच्या मिशेलिन प्रायमसी एचपी टायरवर विकली गेली. हा मुळात आरामासाठीचा, कमी इंधन खाणारा टायर. गाडी कमी वेगातही खेळकर वाटावी म्हणून तो मुद्दाम निवडलेला होता. त्याच ७ इंची रिमवर चांगले उन्हाळी टायर चढवले तरी ती गाडी ओळखू येत नाही. असा बदल आधी करून बघा. त्यानंतरही पुढची चाकं वळणाबाहेर पळतायत किंवा टायर तापून दमतायत असं वाटलं, तर रुंदीचा विचार करायला कारण आहे.

टायरवर २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू लिहिलंय. यातलं मला काय लागतं?

सगळंच लागतं. २२५ ही टायरच्या पोटाची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर आणि थोडं वर. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ९१ हा लोड इंडेक्स, एका टायरला ६१५ किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग.

पूर्ण व्यास काढायला १७ ला २५.४ ने गुणा, ४३१.८ येतात. त्यात दोन भिंती मिळवा, २०२.५. एकूण ६३४.३ मिलिमीटर. नवा टायर निवडताना हा आकडा वहीत वरच लिहून ठेवा.

ऑफसेट म्हणजे काय? सगळे त्याच्यावरच का अडतात?

कारण चाक गाडीत कुठे उभं राहणार ते हाच आकडा ठरवतो. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेषा कल्पा. हबला, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्याला, टेकणारा रिमचा सपाट भाग त्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला जितके मिलिमीटर असेल, तितका ऑफसेट. रिमवर तो ईटी ४५ असा कोरलेला असतो. ईटी वाढला की चाक आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं.

उदाहरण घेऊ. मूळ रिम १७ × ७.५, ईटी ४५. नवी घ्यायची आहे १७ × ९. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर. ईटी ४५ च ठेवला तर ही वाढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते: १९ आत, १९ बाहेर. ईटी ३५ घेतला तर बाहेर २९ आणि आत फक्त ९. ईटी ६० घेतला तर बाहेर जेमतेम ४ आणि आत ३४, म्हणजे बहुतेक गाड्यांत चाक थेट शॉकवर (शॉक अब्सॉर्बरवर) जाऊन टेकेल. रिम तीच १७ × ९, नुसत्या ईटीच्या फरकाने एक मडगार्डला घासते आणि दुसरी आत अडते.

आता एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. वर केलं ते रिमच्या कडांचं गणित. टायरच्या पोटाचं गणित वेगळं असतं. ७.५ इंची रिमवर २२५ चा टायर साधारण २२५ च भरतो. २४५/४० हा टायर ८.५ इंची रिमवर साधारण २४५ च्या आसपास भरतो. ९ इंची रिमवर तो अंदाजे २५० होतो, कारण रिम अर्धा इंच रुंद झाली की टायरचं पोट सुमारे ५ मिलिमीटरने फुगतं. म्हणजे ईटी तोच ठेवून टायर प्रत्येक बाजूला साडेबारा मिलिमीटर वाढला, आणि रिमची कड मात्र १९ ने वाढली. शॉकला आधी टायर लागणार की रिमची कड, हे तुमच्या सस्पेन्शनच्या आकारावर ठरतं. म्हणून दोन्ही आकडे काढायचे.

माझ्या गाडीत किती जागा आहे हे मोजायचं कसं?

एक सुट्टीची सकाळ काढा. सपाट जमीन, ओळंबा, पट्टी, पीठ मळल्यासारखी मऊ खेळण्याची माती आणि वही. बस.

बाहेरची बाजू आधी. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन मोकळं करा, चाकं सरळ ठेवा. मडगार्डच्या कमानीच्या सर्वांत वरच्या कडेवरून ओळंबा सोडा. दोरी स्थिर झाली की दोरीपासून टायरच्या पोटापर्यंत आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंत आडवं अंतर मोजा. चारही चाकांना हेच करा. डावं आणि उजवं सारखं असेल असं गृहीत धरू नका. कारखान्यातून आलेल्या गाडीतही दोन-चार मिलिमीटरचा फरक निघतो, आणि आकडा नेहमी कमी जागेच्या बाजूचा धरायचा.

आता आतली बाजू. चाक काढा. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नका, खाली स्टँड द्या. शॉकच्या नळीवर, स्प्रिंगच्या खालच्या बशीवर, आणि जिथे जिथे चाक जवळ येतंय असं वाटतं तिथे मातीचे जाडसर गोळे चिकटवा. चाक परत चढवा, दोन नट हाताने आवळा, चाक एक फेरी फिरवा, मग काढून बघा. टायरने माती दाबून जिथे ठसा केला तिथली उरलेली जाडी म्हणजे तुमची जागा. माझ्या गाडीत पुढच्या शॉकपाशी ती १९ मिलिमीटर निघाली. साडेबारा वजा केले, साडेसहा उरले. ते पुरले.

पुरले, कारण पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता. त्यात शॉकची नळी चाकाच्या नकलला (हब धरून ठेवणाऱ्या भागाला) बोल्टने जोडलेली असते. चाक वर-खाली झालं, वळलं, तरी दोघं एकत्रच हलतात आणि मधलं अंतर जवळपास बदलत नाही. तिथे ५ मिलिमीटर राहिले तरी मी निश्चिंत असतो. डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मनी चाक धरणारं सस्पेन्शन) असेल तर तसं नसतं. तिथे आर्म आणि चाक यांच्यातली जागा हालचालीबरोबर बदलते. मडगार्डची जागा तर प्रत्येक गाडीत सतत बदलत असते.

म्हणून शेवटची पायरी सोडू नका. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरकं समोरचं मागचं चाक रॅम्पवर चढवा, म्हणजे ती दोन सस्पेन्शन पूर्ण दाबली जातील. त्या अवस्थेत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. आतलं प्लास्टिकचं लायनर, बंपरची मागची कड, ब्रेकची रबरी नळी, सगळीकडे टॉर्च मारून नजर टाका.

माझ्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाने सांगितलं, हे माप बसतं. तेच घेऊ ना?

मी तेच केलं होतं. ईटी ३५ च्या १७ × ९ रिम आणि २५५/४० टायर. सांगणारा प्रामाणिक होता, त्याच्या गाडीला ते बसलेलंच होतं. पण त्याच्या गाडीला अडीच अंश उणा कॅम्बर होता, म्हणजे चाकांचा वरचा भाग आत झुकलेला, आणि मडगार्डच्या कडा आतून दुमडलेल्या होत्या. माझी गाडी कारखान्यातून आली तशीच. पहिल्याच संध्याकाळी मागे दोन माणसं बसलेली असताना गतिरोधकावरून उतरलो आणि खर्रकन आवाज आला. घरी येऊन बघितलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर दोरीने कापल्यासारखी गोल रेघ होती आणि मडगार्डच्या कडेला काळ्या रबराची बारीक साल लटकत होती. टायर नवे कोरे होते. फार वाईट वाटलं.

म्हणून दुसऱ्याला विचाराच, पण तीन गोष्टी सोबत विचारा: गाडीची उंची किती, कॅम्बर किती, कडा दुमडल्या आहेत का. याची उत्तरं नसतील तर ते माप तुमच्या उपयोगाचं नाही.

कोणत्या रिमवर कोणता टायर?

प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची मान्य मर्यादा असते आणि टायर कंपनी ती छापते. २२५/४५ आर १७ ला ७ ते ८.५ इंच. २४५/४० आर १७ ला ८ ते ९.५. २५५/४० आर १७ ला ८.५ ते १०. मर्यादेच्या मधोमध किंवा किंचित रुंद रिम घेतली की भिंत सरळ उभी राहते आणि गाडी नीट उत्तर देते. मूळ ७ इंची रिमवर २४५ कोंबला तर भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात, वळणात टायर लोळतो आणि वाढलेली रुंदी वाया जाते.

रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला तर?

नका बसवू. टायरची कड रिमवर जशी बसायला हवी तशी बसत नाही, खड्ड्यात किंवा जोरदार वळणात ती सुटू शकते, आणि रिमची उघडी कड फूटपाथला पहिल्यांदा लागते.

दोन कंपन्यांचे २४५ एकसारखे असतात का?

नसतात. २४५ हा आकडा पोटाचा आहे, रस्त्याला टेकणाऱ्या ट्रेडचा नाही. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरचे खांदे चौकोनी असतात आणि ट्रेड पार कडेपर्यंत जातो. प्रवासी टायरचे खांदे गोल असतात. त्यामुळे जागा अगदी काठावर असेल तर तुम्हाला हवा तोच टायर, त्याच रिमच्या रुंदीवर प्रत्यक्ष किती भरतो हे कंपनीच्या तक्त्यात बघा. जुने टायर झिजले म्हणून दुसऱ्या कंपनीचे घातले आणि अचानक घासायला लागले, अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. त्याचं कारण हे.

पूर्ण व्यास किती बदलला तर चालतो?

मी एक-दीड टक्क्याच्या आत राहतो. ६३४.३ च्या जागी २५५/४० आर १७ चा व्यास येतो ६३५.८, जवळपास तोच. २५५/३५ आर १८ चा ६३५.७. २४५/४० आर १७ चा ६२७.८, एक टक्का कमी. पण २४५/४० आर १८ घेतला तर ६५३.२, तीन टक्के जास्त. हा नको. गिअर लांब होतात, गाडी सुस्तावते, कमानीत जागा उरत नाही आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नसतं. म्हणून कारखान्यातून आलेले मीटर बहुधा थोडे पुढे धावतात. ती मुभा मोठ्या टायरने खाऊन टाकू नका.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या आणि मागच्या व्यासातलं मूळ प्रमाण काटेकोर सांभाळा. पुढे-मागे व्यास वेगळे झाले की ताकद पुढे-मागे वाटणारा मधला डिफरन्शियल किंवा क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो, तापतो आणि खराब होतो. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोलही चाकांच्या फिरण्याचा वेगच मोजतात. प्रमाण बिघडलं तर गाडी घसरतेय असा त्यांचा गैरसमज होतो.

१७ वरून १८ किंवा १९ इंच करू का?

ब्रेक मोठे बसवायचे असतील तर इलाज नाही. नुसतं दिसण्यासाठी असेल तर वजन बघून मग ठरवा. रिमचा व्यास वाढला की धातू केंद्रापासून लांब जातो. चाकाच्या परिघावरचा एक किलो गाडीला वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा वाटतो, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. शिवाय तो स्प्रिंगच्या खालचा किलो, म्हणजे खराब रस्त्यावर चाक जमिनीला धरून ठेवायचं शॉकचं काम वाढतं. रिम विकत घेण्याआधी वजनकाट्यावर ठेवून बघा. ९ इंची फ्लो फॉर्म्ड (ओतून मग दाबत लांबवलेली) किंवा फोर्ज्ड (घडीव) रिम ७.५ इंची साध्या ओतीव रिमपेक्षा हलकी निघू शकते. त्यासाठी थोडं थांबावं लागलं तरी थांबा.

आणि घेताना आतल्या बाजूला शिक्के शोधा. जपानी मापदंडाचा जेडब्ल्यूएल आणि त्रयस्थ चाचणीचा व्हीआयए हे दोन नेहमी दिसतात, आणि सोबत रिमला किती भार झेपतो तो आकडाही असतो. महागड्या रिमची हुबेहूब नक्कल बाजारात असते. नकलेवर भाराचा आकडा नसेल, तर वेगात खड्डा आल्यावर ती काय करेल हे कुणीच सांगू शकत नाही.

पीसीडी जुळला म्हणजे बसलं ना?

नाही, अजून दोन गोष्टी आहेत. पीसीडी म्हणजे स्टडच्या (हबवरच्या, चाकाचे नट ज्यांवर आवळतात त्या बोल्टच्या) मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन आणि चौथ्या पिढीला ४ × १००, तिसरीला ५ × ११४.३. टोयोटा ८६ ला ५ × १००. होंडा एस २००० ला ५ × ११४.३. तो तंतोतंतच जुळायला हवा. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक नट आवळून 'बसवून' घेणारे असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

दुसरी गोष्ट मधलं भोक. एमएक्स-५ ४ × १०० चं हब ५४.१ मिलिमीटर, ८६ चं ५६.१. बाजारातल्या रिमचं भोक बहुधा मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालते. मधली फट भरायला योग्य मापाची रिंग घाला. नाहीतर चाक हबच्या बरोबर मध्यावर बसत नाही आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी स्टिअरिंग थरथरत राहतं. रिमचं भोक हबपेक्षा लहान असेल तर ती बसतच नाही.

जुनेच नट वापरले तर?

आधी नटाचं तोंड आणि रिममधली खाच जुळतायत का बघा. बाजारातल्या रिमला बहुतेक ६० अंशांचं शंकूसारखं तोंड लागतं. होंडाच्या मूळ नटांचं तोंड गोल, चेंडूसारखं असतं. टोयोटाच्या कित्येक मूळ अलॉयना सपाट वॉशरचे नट असतात. गोल तोंडाचा नट शंकूच्या खाचेत आवळला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि काही दिवसांत सैल होतो. आटेही तपासा. माझदा आणि होंडाला एम१२ × १.५, सुबारू आणि निसानला एम१२ × १.२५. चुकीचा नट दोन आटे सहज जातो आणि तिसऱ्याला अडतो. तिथे पान्याने जोर लावला की स्टड गेला.

ईटी चुकला तर स्पेसर घालून जमेल?

स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती. जमेल, चांगला असेल तर. हबवर मध्य धरणारा, आणि पुरेसे आटे राखणारा. ३ मिलिमीटरची पातळ पाटी हबवरची कडच झाकून टाकते, मग चाकाला मध्य राहत नाही. स्पेसर जितका जाड तितके नटाचे आटे कमी. स्टडच्या जाडीएवढी तरी लांबी नटात जायला हवी. एम१२ × १.५ ला त्या हिशेबाने आठ फेरे होतात. तेवढे होत नसतील तर लांब स्टड बसवा. माझं मत विचाराल तर, पहिल्यापासून बरोबर ईटीची रिम घ्या. स्पेसर हा चुकीवरचा इलाज आहे.

मागचे रुंद आणि पुढचे अरुंद असं ठेवावं का?

गाडीच्या वजनाची वाटणी आणि तिचा स्वभाव बघून ठरवा. ही पद्धत उगाच आलेली नाही. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ ला पुढे ६ इंची रिम आणि १८५/७० टायर होते, मागे ७ इंची आणि २१५/६०. इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे, म्हणजे वजन मागे, मग रबरही मागे जास्त. पहिली होंडा एस २००० ही पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० अशी, दोन्ही १६ इंची.

पण कित्येक गाड्यांत कारखाना मागे रुंद टायर देतो तो गाडी पुढून सरकावी म्हणून. नवख्या हातात ते जास्त सुरक्षित असतं. ज्यांना ट्रॅकवर पुढची चाकं चावून धरायला हवी असतात ते चारही सारखे करतात. मला चार सारखेच आवडतात. गाडी तटस्थ होते आणि टायर पुढे-मागे अदलाबदल करून सारखे झिजवता येतात. मात्र मूळ गाडी मागे रुंद असेल तर चार सारखे केल्यावर पहिले काही दिवस ओल्या रस्त्यावर फार जपून चालवा. मागची बाजू आता आधी सुटू शकते.

टायर घासतोय. आता?

कुठे घासतोय ते आधी शोधा. मडगार्डच्या कडेच्या आतल्या बाजूला खडू फासा, टायरवर उमटलेली रेघ बघा.

पुढच्या लायनरला स्टिअरिंगच्या टोकाला किंचित लागत असेल तर लायनर गरम हवेने मऊ करून मागे सारता येतं, ते काम सोपं आहे. मडगार्डच्या कडेला लागत असेल तर एखाद-दोन अंश उणा कॅम्बर वाढवल्याने टायरचा वरचा भाग आत जातो. वळणातली पकडही वाढते, आतली झीजही वाढते. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून बघता चाकं किती आत किंवा बाहेर रोखलेली आहेत ते, पुन्हा सेट करणं आलंच. टायरची आतली बाजू जी झपाट्याने संपते ती बहुतेक वेळा चुकलेल्या टो मुळे, कॅम्बर बिचारा निम्म्या वेळा निर्दोष असतो. कड दुमडणं हा शेवटचा उपाय. रंग गरम करून, हळूहळू, सवयीच्या हाताने. घाई केली की रंगाला तडे जातात आणि तिथून गंज शिरतो. आणि शॉकला किंवा ब्रेकच्या नळीला लागत असेल तर गाडी तशी एक किलोमीटरही चालवू नका.

स्टिअरिंग जड झालं, रस्त्यावरच्या चरांमागे ओढतं. काही बिघडलं का?

बिघडलं नसेलही. रुंद, ताठ टायर रस्त्यावरच्या उतारांना आणि चरांना जास्त उत्तर देतो. ते थोडं चालवून घ्यावं लागतं. पण ईटी बराच कमी केला असेल तर कारण वेगळं आहे. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तो बिंदू आणि टायरच्या ठशाचा मध्य यांच्यातलं अंतर ईटीच्या फरकाएवढं बदलतं. दहा मिलिमीटर ईटी कमी, दहा मिलिमीटर अंतर बदललं. मग एका चाकाखाली खड्डा आला की धक्का थेट हातात येतो, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते, बेअरिंगवरचा ताणही वाढतो. मूळ ईटीच्या जितकं जवळ राहाल तितकं स्टिअरिंग मूळसारखं राहील. रुंदी कितीही सुरेख असली तरी हे अंतर बिघडवून ती घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पावसात काय?

रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर पाण्यावर तरंगतो. झिजलेला असेल तर आणखी लवकर. कोरड्यासाठी बनवलेल्या टायरला चर कमी असतात, त्यामुळे रोजची गाडी पावसात चालवायची असेल तर एक माप अरुंद टायर आणि खोल उभे चर पत्करा. याबाबत मी कुणाशी वाद घालत नाही, स्वतः तसंच करतो.

हवा किती ठेवू?

दरवाज्याच्या चौकटीवरच्या पत्र्यावरचा आकडा मूळ टायरसाठी आहे. सुरुवात तिथून करा, पण लोड इंडेक्स बघून. एक उदाहरण देतो, कारण इथे लोक हमखास फसतात. मूळ २२५/४५ आर १७ ९१ हा साधा टायर २५० किलोपास्कलला, म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला ६१५ किलो उचलतो. नवा २५५/३५ आर १८ ९४ हा एक्स्ट्रा लोड टायर ६७० किलो उचलतो, पण २९० किलोपास्कलला, म्हणजे सुमारे ४२ पीएसआयला. त्यात २५० च भरली तर त्याची क्षमता अंदाजे ५९५ किलोवर येते. टायर रुंद झाला, आकडा मोठा झाला, आणि त्याच हवेत ताकद मूळपेक्षा किंचित कमी. अशा टायरला दोन-तीन पीएसआय जास्त लागतात. नंतर झीज बघत जा: मध्ये जास्त झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी.

कायदा आणि विमा?

देशोदेशी नियम वेगळे आहेत, पण टायर मडगार्डच्या बाहेर दिसू नये ही अट बहुतेक ठिकाणी असते. नोंदणीच्या कागदांवर टायरचं माप असेल तर बदल नोंदवून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळवून उपयोग नसतो.

बसवून झालं. आता पहिले काही दिवस काय बघू?

नट हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की चाकं गार असताना पुन्हा तोच टॉर्क तपासा. नव्या रिमचा रंग नटाखाली दबतो आणि थोडा ढिलेपणा येतो.

पहिले शंभर-दीडशे किलोमीटर टायरला दामटवू नका, वरचा गुळगुळीत थर निघून जाऊ दे. मग गाडीत माणसं बसवून, टाकी भरून एकदा खराब रस्त्यावरून हळू फिरवून आणा. घरी आलात की टॉर्च घेऊन आतल्या बाजूने बघा: शॉकच्या नळीवर चमकलेला डाग, लायनरवर काळा पट्टा, ब्रेकच्या नळीवर खरवड. काहीच दिसलं नाही तर आठवड्याने पुन्हा बघा, आणि त्या वेळी टायरच्या खांद्यावरून बोट फिरवा. घासत असेल तर डोळ्याला दिसण्याआधी ती धार बोटाला लागते.